दूध संस्थेचा मॅक्रो आणि एरर सहा

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावची प्राथमिक दूध संस्था. दूध घालणारे १५५ जण, सगळं दूध गाईचं. सकाळ-संध्याकाळ मिळून रोज ३१० च्या आसपास नोंदी होतात. बिल दसवड्याने निघतं : १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. दसवडा संपला की दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या आत बँकेला यादी द्यायची, तर संध्याकाळपर्यंत पैसे खात्यावर पडतात.

बिलाचं सगळं काम एका एक्सेल फाईलवर चालायचं. ती संस्थेच्या जुन्या लेखनिकांनी, म्हणजे आण्णांनी, एक्सेल २००३ च्या काळात तयार केली होती. कोणी शिकवलं नव्हतं. मॅक्रो (बटण दाबलं की ठरलेलं काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) रेकॉर्ड करायचा, उघडून बघायचा, मोडायचा, परत जोडायचा, असं करत त्यांनी ती उभी केली. फाईलमध्ये तीन शीट होती. ‘आवक’मध्ये फॅट-मशीनच्या संगणकावरून आलेल्या नोंदी : तारीख, वेळ, खाते क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक). ‘दर’मध्ये दरपत्रक : उभं फॅट, आडवं एसएनएफ. तिसरं शीट ‘बिल’. बटण दाबलं की मॅक्रो आवक वरपासून खालपर्यंत वाचायचा, दिलेल्या तारखांमधल्या नोंदी उचलायचा, प्रत्येकीचा दर शोधायचा आणि खातेनिहाय रक्कम बिलात लिहायचा. कित्येक वर्षं हे विनातक्रार चाललं. हौशी माणसाने केलेल्या कामाला नावं ठेवणं सोपं असतं, म्हणून आधीच सांगतो : पगारी प्रोग्रामरांनी केलेल्या याहून वाईट फायली मी पाहिल्या आहेत.

एप्रिलमध्ये आण्णा निवृत्त झाले. त्यांच्या जागी गावातलीच बी.कॉम. झालेली एक मुलगी लागली. तिला फाईल मिळाली, बटण कुठलं ते कळलं. पुढे दोन-अडीच महिने बिलं वेळेवर निघाली.

अडचण

२१ जुलैला सकाळी दहाच्या सुमारास तिचा फोन आला. "सर, बटण दाबलं की चौकट येतीय. रन-टाइम एरर सहा, ओव्हरफ्लो. खाली एंड, डीबग आणि हेल्प. मी दोनदा एंड केलं."

तालुक्याच्या गावी माझं संगणक दुरुस्ती आणि टॅलीचं दुकान आहे. संस्थेचं प्रिंटर-यूपीएसचं काम माझ्याकडे, पण ही फाईल मी कधी उघडलेली नव्हती. स्क्रीन रिमोटने घेतली आणि डीबग दाबलं. पिवळी झालेली ओळ अगदी साधी निघाली. आवक शीटची शेवटची भरलेली ओळ कितवी, ते शोधून ‘लास्टरो’ नावाच्या चलात, म्हणजे प्रोग्रामने आकडा ठेवायच्या जागेत, ठेवणारी. चलावर माउस नेला तर किंमत शून्य. म्हणजे आकडा सापडला होता, पण ठेवता आला नव्हता. तीच शोधणारी ओळ खालच्या इमीजिएट विंडोत चालवून पाहिली. उत्तर आलं ३४,३८६.

वर जाऊन चलांची घोषणा, म्हणजे कुठलं चल कुठल्या प्रकारचं ते सांगणारी ओळ, पाहिली : ‘डिम आय, लास्टरो अ‍ॅज इंटिजर’. व्हीबीए म्हणजे एक्सेलचे मॅक्रो लिहायची भाषा. तिच्यातला इंटिजर सोळा बिटांचा असतो, त्यात ३२,७६७ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. ओव्हरफ्लो म्हणजे एवढंच, शेराच्या मापात सव्वा शेर ओतायला गेलं की सांडणार. (याच ओळीत आणखी एक फसवी गोष्ट आहे. वाचणाऱ्याला वाटतं की दोन्ही चलं इंटिजर आहेत; प्रत्यक्षात ‘अ‍ॅज इंटिजर’ फक्त शेवटच्याला लागतं, पहिलं बिनजातीचं व्हेरियंटच राहतं.)

इंटिजर वापरला ही आण्णांची चूक म्हणायची का? व्हीबीए पहिल्यांदा एक्सेल ५ मध्ये आलं, १९९३ साली. तेव्हा एका शीटमध्ये ओळीच होत्या १६,३८४. ओळ मोजायला इंटिजर भरपूर झाला. एक्सेल ९७ मध्ये ओळी ६५,५३६ झाल्या, २००७ मध्ये १०,४८,५७६. माप मात्र पुस्तकांमधून आणि उदाहरणांमधून तेच उतरत राहिलं.

याच वर्षी का?

फाईल इतकी वर्षं चालली आणि जुलैमध्ये अडली. कोडला तर कोणी हात लावलेला नव्हता. दिवसाला ३१० नोंदी धरल्या तर ३२,७६७ ओळी भरायला साधारण १०५ दिवस लागतात. मागे मोजत गेलं की बरोबर एप्रिलची सुरुवात येते. १० जुलैच्या बिलाला शीट एकतीस हजारांवर होतं, म्हणून ते सुटलं. पुढच्या दसवड्याला नाही सुटलं.

आण्णांना फोन लावला तेव्हा उलगडा झाला. "अहो, ती आवक दर महिन्याच्या एक तारखेला काढून जुन्या फायलीत टाकायची असती. न्हाईतर लई हळू चालतंय." हे कुठे लिहून ठेवलं होतं का? "त्यात काय ल्ह्यायचं?"

आण्णांनी शेवटची आवक काढली १ एप्रिलला. नव्या मुलीच्या हातात मॅक्रो आला, त्याच्यासोबतची सवय आली नाही. आण्णाही ती सवय एररच्या भीतीने पाळत नव्हते, फाईल हळू चालते एवढ्यासाठीच पाळत होते. मर्यादा तिथे आहे हे त्यांना कधी कळलंच नव्हतं.

समोर असलेले पर्याय

घड्याळात साडेदहा झाले होते, एक वाजता यादी द्यायची होती.

पहिला पर्याय : जुन्या नोंदी काढून टाकायच्या, म्हणजे आण्णांची सवय परत लावायची. दहा मिनिटांचं काम, कोडला हात नाही. सचिवांना हाच पटला होता.

दुसरा पर्याय सुचवला संस्थेत त्या वेळी बसलेल्या एका तरुणाने. पुण्यात नोकरीला आहे, सुट्टीवर आला होता. "वर ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ टाका, चौकट येणारच नाही." चूक आली तरी न थांबता पुढच्या ओळीवर जा, असा त्याचा अर्थ. त्याचं म्हणणं खरं होतं, चौकट आली नसती. फाईलच्या नकलेवर मी ते करून दाखवलं. लास्टरो शून्यच राहिला, दुसऱ्या ओळीपासून शून्यापर्यंत मोजायचं म्हटल्यावर लूप (एकेक नोंद घेऊन तेच काम परत परत करणारा भाग) एकदाही फिरला नाही, आणि बिल शीटवर आधीच्या दसवड्याचे आकडे तसेच राहिले. वर छापलेली तारीख मात्र ११ ते २० जुलै. तारीख नवी, रकमा जुन्या, तक्रार शून्य. ते कागद बघून सचिव म्हणाले, "हे बरं दाखवलंत."

तिसरा : इंटिजरच्या जागी लाँग. लाँगमध्ये दोनशे चौदा कोटींच्या वरपर्यंत आकडा मावतो, शीटच्या ओळी कधीच त्याला पुऱ्या पडणार नाहीत.

चौथा : मॅक्रो बाजूला ठेवून सगळं सूत्रांवर आणायचं किंवा डेअरीचं तयार सॉफ्टवेअर घ्यायचं. विचार चांगला, पण तो अडीच तासांत करायचा नव्हता.

काय केलं, आणि मी कुठे चुकलो

तिसरा पर्याय घेतला. फाईलची नक्कल करून नावात तारीख टाकली. दोन्ही चलं वेगवेगळ्या ओळींवर लाँग म्हणून जाहीर केली. शेवटची ओळ शोधताना कोड ‘ए६५५३६’ या खणापासून वर चढत होता, जुन्या एक्सेलची ती शेवटची ओळ. फाईल नव्या स्वरूपात साठवलेली असल्यामुळे पुढेमागे तिथेही अडकली असती, म्हणून शीटच्या खऱ्या शेवटापासून चढायला लावलं. बटण दाबलं. बिल निघालं. एकूण लिटर आवकेशी जुळले, एकूण रक्कम मागच्या दसवड्याच्या आसपास आली. अकरा वाजून दहा मिनिटांनी मी सांगून टाकलं, "झालं. यादी काढा."

इथे माझी घाई झाली. बेरीज जुळली म्हणजे बिल बरोबर, असं मी धरून चाललो. फाईल पहिल्यांदा उघडून तास उलटला होता आणि दर काढणाऱ्या भागाकडे मी पाहिलंही नव्हतं. माझ्या लेखी एरर गेला होता आणि काम संपलं होतं.

थांबवलं ते त्या मुलीने. ती म्हणाली, "सर, दोन मिनिटं. आमच्या घरच्या पावत्या माझ्याकडं आहेत, बाबांचं खातं बघते." मशीनच्या पावतीवर लिटर, फॅट आणि एसएनएफ छापून येतं, दर येत नाही, दरपत्रक भिंतीवर लावलेलं असतं. तिने १४ जुलैच्या संध्याकाळची पावती घेतली : ८.२ लिटर, फॅट ३.८, एसएनएफ ८.५. भिंतीवर दर ३०.९०. कॅल्क्युलेटरवर २५३ रुपये ३८ पैसे. मॅक्रोने त्या नोंदीला लावले होते २४६ रुपये. भाग देऊन पाहिला तर दर बरोबर ३० रुपये, म्हणजे ३.५ फॅटचा.

"आमच्या आधी रांगेत कोण होतं बघू का?" तिने आवकेत वरची ओळ पाहिली. तिथे फॅट ३.५.

दुसरी चूक

यादी थांबवली. दर शोधणारा भाग वेगळ्या प्रोसीजरमध्ये होता आणि त्याच्या पहिल्याच ओळीवर तो तरुण सुचवत होता तीच गोष्ट बसलेली : ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’. कधीतरी कोणाची तरी फॅट तक्त्याबाहेर लागली असेल, मॅक्रो मध्येच थांबला असेल, आणि आण्णांनी ती ओळ घालून तो प्रश्न मिटवला असेल. त्यानंतरची ओळ मॅच (यादीत एखादी किंमत कितवी आहे ते शोधणारं एक्सेलचं फंक्शन) वापरून फॅट तक्त्यात कितव्या ओळीवर आहे ते शोधत होती आणि उत्तर ‘दरओळ’ नावाच्या चलात ठेवत होती. हे चल मॉड्यूलच्या, म्हणजे कोडच्या पानाच्या, डोक्यावर जाहीर केलेलं, म्हणजे एका नोंदीकडून दुसरीकडे जाताना पुसलं जात नव्हतं. मॅच सापडला नाही की ती ओळ गुपचूप ओलांडली जायची आणि दरओळमध्ये आधीच्या माणसाचा आकडा तसाच राहायचा. थोडक्यात, एसएनएफ स्वतःचं आणि फॅट शेजाऱ्याची.

पण ३.८ तर तक्त्यात डोळ्यांसमोर दिसत होतं, मग मॅचला का सापडत नव्हतं?

व्हीबीए एडिटरच्या पर्यायांमध्ये जनरल टॅबवर ‘ब्रेक ऑन ऑल एरर्स’ म्हणून एक बटण असतं. ते निवडलं की रिझ्यूम नेक्स्ट असलं तरी मॅक्रो प्रत्येक चुकीपाशी थांबतो. ते लावून चालवलं आणि लगेच थांबला : एरर १००४, ‘अनेबल टू गेट द मॅच प्रॉपर्टी’. इतके दिवस दाबून ठेवलेली तक्रार पहिल्यांदा बाहेर आली.

दर शीटवर ३.८ च्या खणात क्लिक केलं तर वर आकडा दिसला नाही, सूत्र दिसलं : वरच्या खणात ०.१ मिळवा. ११ जूनला दर बदलले तेव्हा नव्या मुलीने तक्ता नव्याने केला होता. ३.५ पर्यंतचे फॅटचे आकडे आण्णांनी टाईप केलेले तसेच ठेवले आणि ३.६ पासून सूत्र खाली ओढलं. कोणीही तेच केलं असतं. मी स्वतः दहादा केलं असतं. गोम अशी की ०.१ हा आकडा संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमका बसत नाही. एक-तृतीयांश दशांशात लिहायला गेलं की ०.३३३ संपत नाही, तसंच. ३.५ मध्ये ०.१ मिळवत गेलं की ३.६ आणि ३.७ नीट येतात, ३.८ ला मात्र अगदी शेवटच्या टोकाला एक कण जास्तीचा चिकटतो. ३.९ ला पण. ४.० आणि ४.१ पुन्हा ठीक होतात आणि ४.२ पासून पुढचे सगळे किंचित कमी पडतात.

एक्सेल हे सहजासहजी दाखवत नाही. तो खण ३.८ च्या बरोबर आहे का असं बरोबरच्या चिन्हाने विचारलं तर उत्तर ‘ट्रू’, कारण तिथे पंधरा अंकांपर्यंतच तुलना होते. वजाबाकी केली तर शून्य. तीच वजाबाकी कंसात घातली तेव्हा कुठे ४.४४ई-१६ असा आकडा उमटला. दशांश चिन्हानंतर पंधरा शून्यं आणि मग ४४४. मॅच एवढी दया दाखवत नाही. नेमकं जुळलं तरच सापडलं म्हणतो.

गावातल्या बहुतेक गाई होल्स्टिनच्या संकरित, म्हणजे फॅट साडेतीन ते चारच्या मध्येच लागते. चुकलेले दोन आकडे नेमके वर्दळीच्या जागी होते.

दुसरा निर्णय

साडेबारा वाजले होते. आता प्रश्न वेगळा होता. या दसवड्याची दुरुस्ती हातात होती. पण ११ जूनपासूनचे तीन दसवडे वाटून झाले होते.

आधी आजचं केलं. फॅटच्या सूत्रांच्या जागी टाईप केलेले आकडे आले. कोडमध्ये फॅटला दहाने गुणून पूर्णांक करून तुलना करायला लावलं. ३८ आणि ३८ यांत कण शिल्लक राहत नाही. रिझ्यूम नेक्स्ट काढला. मॅच अशा प्रकारे बोलावला की न सापडल्यास तो कोसळण्याऐवजी एररची खूण परत देतो; ती खूण दिसली की नोंद ‘न जुळलेल्या’ नावाच्या नव्या शीटवर जाते, दर शून्य. मॉड्यूलच्या डोक्यावर ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ घातलं, म्हणजे प्रत्येक चल आधी जाहीर करायची सक्ती. त्याबरोबर जाहीर न केलेली चार चलं उघडी पडली, त्यांतली दोन म्हणजे एकाच नावाची दोन स्पेलिंगं. या वेळी माझ्या बेरजेवर भागवलं नाही. मुलीने पाच खाती निवडली, तिने आणि सचिवांनी पावत्यांवरून हाताने हिशेब केला आणि पाचही जुळली. यादी बँकेत पोचली दोनला. बँकेने त्या दिवशी घेतली, पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी पडले.

मागचं मोजायला आणखी दोन संध्याकाळी गेल्या. तीन दसवड्यांच्या नऊ हजारांवर नोंदी नव्या मॅक्रोतून पुन्हा काढल्या. १,१४२ नोंदींचा दर बदलला. कमी गेलेले एकूण ३,९६० रुपये आणि जास्त गेलेले ३,२१०. तेवीस लाखांच्या उलाढालीत निव्वळ फरक साडेसातशेचा. एकूण बेरीज बघून तो कोणाच्या बापाला दिसला नसता. पण सगळ्यांना सारखा फटका बसलेला नव्हता. दूध घालायची रांग रोज साधारण तीच असते. एक बाई रोज ३.५ वाल्या गोठ्याच्या मागे उभ्या राहायच्या आणि त्यांच्या गाईची फॅट बहुतेक वेळा ३.९. महिन्याभरात त्यांचे एकट्यांचे ४१२ रुपये कमी गेले होते, ते केवळ रांगेतल्या जागेमुळे.

संचालक मंडळात दोन मतं पडली. काहींचं म्हणणं, पुढच्या बिलात गुपचूप फरक घालावा, बोभाटा नको. मशीनवरचाच विश्वास उडेल. बाकीच्यांचं म्हणणं की पुण्याच्या पाहुण्यासमोर घडलेली गोष्ट गावात आधीच पोचली असणार. शेवटी फळ्यावर लिहायचं ठरलं. ज्यांचे कमी गेले त्यांना ‘मागील फरक’ म्हणून वेगळ्या रकान्यात पैसे द्यायचे, ज्यांना जास्त गेले त्यांच्याकडून कापायचे नाहीत, तो बोजा संस्थेने सोसायचा. कापू नये हे मलाही पटलं. तीस-चाळीस रुपयांसाठी साठ घरांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

एक प्रश्न मंडळाने सोडून दिला आणि तो मला आजही खटकतो. रिझ्यूम नेक्स्टची ती ओळ जूनमध्ये आलेली नव्हती, ती किती जुनी होती कोण जाणे. सूत्र ओढण्याआधीही ज्या ज्या नोंदीत फॅट तक्त्याबाहेर लागली असेल, तिथे शेजाऱ्याचीच लागली असणार. आण्णांच्या जुन्या फायली शाबूत आहेत, काढायचं म्हटलं तर निघेल. "कुठवर मागं जायचं?" असं अध्यक्षांनी विचारलं आणि विषय तिथे थांबला.

आज परत करायचं झालं तर

आण्णांना पहिला फोन लावेन, एडिटर नंतर उघडेन. ‘याच वर्षी का’ याचं उत्तर त्यांच्या एका वाक्यात होतं, आणि दहा मिनिटं जास्त बोललो असतो तर ती गप्प बसवणारी ओळ त्यांनी का घातली तेही कळलं असतं.

दुसऱ्याची फाईल हातात आली की संपूर्ण कोडमध्ये आधी ‘रिझ्यूम नेक्स्ट’ शोधायचं, हे आता हाताला लागलं आहे. त्या दिवशी तो शोध घ्यायला एक मिनिट पुरलं असतं, आणि "झालं" म्हणायची माझी घाईही आपोआप टळली असती.

एक गोष्ट अजून ठरत नाही. सचिवांच्या म्हणण्याप्रमाणे पहिला पर्याय घेतला असता, नुसत्या जुन्या नोंदी काढल्या असत्या, तर बिल साडेदहालाच निघालं असतं, बँकेची वेळ गाठली असती. मुलीने पावती काढली असती का? ती म्हणते, काढली असती. मला खात्री नाही. मी फाईल उघडून कोडशी खेळतोय हे बघून तिला धास्ती वाटली आणि म्हणून तिने तपासलं, असं माझं मत आहे.

त्यानंतर

फाईलमध्ये आता पहिलंच शीट ‘आधी हे वाचा’ नावाचं आहे. आवक दर एक तारखेला काढायची, दरपत्रकात सूत्र ओढायचं नाही, आणि बिल काढल्यावर ‘न जुळलेल्या’ शीट पाहिल्याशिवाय यादी द्यायची नाही, असं त्यात मुलीने स्वतःच्या शब्दांत लिहिलं आहे. तयार सॉफ्टवेअरची चौकशी चालू आहे.

१ ऑगस्टला तिने मोबाईलवर फोटो पाठवला. ‘न जुळलेल्या’ शीटवर तीन नोंदी होत्या. २६ तारखेला संध्याकाळी लाइट गेली होती आणि नोंदी वहीतून हाताने टाकल्या होत्या; दोन ठिकाणी ३.८ चं ३८ झालं होतं, तिसऱ्या ठिकाणी फॅटचा रकाना कोरा. खाली तिने लिहिलं होतं, "सर, वही बघून भरते. मग यादी."